उतरण साताऱ्यावर सुरू होते: नव्या वैमानिकाने लहान विमानातून मोठ्या विमानात कसं जावं

नकाशा काढा. बंगळुरू आणि मुंबई या दोन विमानतळांवर पट्टी ठेवून रेघ ओढा. ती रेघ मिरजेच्या अगदी जवळून येते आणि पुढे सातारा शहरावरून जाते. साताऱ्यापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण १०६ नॉटिकल मैलांवर आहे (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर; पुढे 'मैल' म्हणजे हाच). आता वैमानिकांचं रोजचं गणित करा. उंची जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट मैल आधी उतरायला लागायचं. पस्तीस हजार फुटांवर असाल तर १०५ मैल. साताऱ्यात राजवाड्यासमोर उभं राहून आपण मान वर करून विमान बघतो ना, मुंबईला निघालेलं ते विमान जवळजवळ आपल्याच डोक्यावर उतरायला सुरुवात करत असतं. वारा आणि जमिनीवरून विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरच्या सूचना यांनी जागा थोडी पुढेमागे होते, एवढंच.

एटीआर, म्हणजे पंख्यांचं प्रवासी विमान, वीस हजार फुटांवर असेल तर त्याला साठ मैल लागतात, म्हणजे पुणं मागे पडल्यावर उतरायला लागलं तरी चालतं. प्रशिक्षणातली सेस्ना तीन हजार फुटांवर असते. तिला नऊ मैल, म्हणजे सातारा ते कोरेगाव एवढंच अंतर पुरतं. विमान बदलतं तशी निर्णयाची जागा मागे सरकत जाते, आणि नव्या वैमानिकाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. म्हणून मी मुलांना नेहमी सांगते, पायऱ्या गाळू नका आणि प्रत्येक पायरीवर हे गणित अंगात मुरवा.

मी सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. सेस्नावर शिकले, एटीआरवर आधी उजव्या (सह-वैमानिकाच्या) आणि मग डाव्या (कॅप्टनच्या) सीटवर बसले, आता एअरबस ए-३२० हे जेट उडवते. सुट्टीला गावी आले की पाच-सहा मुलं-मुली आणि त्यांचे वडील भेटायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

परवाना मिळेपर्यंत

या भागाची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून थोडक्यात.

फी भरायच्या आधी मेडिकल करा. आधी वर्ग दोन, मग वर्ग एक. चाळीस लाख भरून झाल्यावर डोळ्यांत किंवा कानात काही निघालं तर ते पैसे परत मागायला तोंड नसतं. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. कॉमर्सच्या मुलांनी मुक्त विद्यालयातून ते दोन विषय दिले तरी चालतात. मग डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक, घ्या आणि एअर रेग्युलेशन, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषयांचे पेपर द्या. पास व्हायला सत्तर टक्के लागतात. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा वेगळी. शक्यतो सगळे पेपर उड्डाणाला जाण्याआधीच संपवा.

कमर्शिअल परवान्याला २०० तास लागतात. त्यात १०० तास तुम्ही स्वतः पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. त्या शंभरात २० तास क्रॉसकंट्री (एका विमानतळाहून दुसऱ्याला), ज्यातली एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन ठिकाणी उतरून. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायचे, १० तास आणि रात्रीचे ५ तास, दहा टेकऑफ-लँडिंगसह. हे तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतलेच धरले जातात, म्हणून शिक्षण रेंगाळू देऊ नका.

आपल्या भागाला बारामती जवळ आहे. धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर इथेही सोय आहे. संस्था निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तिथे जाऊन दोन दिवस धावपट्टीच्या कडेला बसा. हँगरमध्ये किती विमानं आहेत ते मोजू नका, दिवसभरात किती उडाली ते मोजा. शिकणाऱ्या मुलाला विचारा, 'गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?' पावसाळ्यात आपल्याकडे ढग खाली येतात आणि उड्डाणं रखडतात, त्यामुळे मे महिन्यात प्रवेश घेऊन जूनपासून खोलीचं भाडं भरत बसण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात पेपर द्या आणि ऑक्टोबरात उडायला लागा.

पैशाचं गणित घरी बसून करा

देशात परवान्याला साधारण पन्नास-साठ लाख जातात. त्यावर टाईप रेटिंगचे, म्हणजे एका ठराविक प्रकारचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे, पंधरा ते पंचवीस लाख वेगळे. साठ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिना ८२-८३ हजारांच्या आसपास बसतो. द्राक्षबाग किंवा ऊस गहाण टाकून हे करणारी घरं मला माहीत आहेत. म्हणून वडिलांशी बोलताना परवाना मिळाल्यानंतरच्या दीड वर्षाचे हप्ते आधीच बाजूला ठेवायला सांगा. हे पैसे हातात नसले की मुलं मिळेल ती सही करतात आणि पुढची सगळी वाट त्या सहीने ठरते.

माझ्यासोबत हे घडलेलं आहे. परवाना मिळाला तेव्हा एका प्रशिक्षण संस्थेने 'रेटिंग आमच्याकडून घ्या, नोकरी पक्की' असं सांगून मोठी रक्कम घेतली. रेटिंग झालं, नोकरी नव्हती. कागदावर 'पक्की' हा शब्द कुठेच नव्हता, तो फक्त तोंडी होता. चौदा महिने मी घरी होते. त्या काळात रेटिंगचा सराव सुटला आणि पुन्हा सिम्युलेटरचे (जमिनीवरच्या नकली कॉकपिटचे) पैसे भरावे लागले. आईने त्या वर्षी म्हशी विकल्या. ते मी विसरलेले नाही. विमान कंपनीचं लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय स्वतःच्या खिशातून रेटिंग घेऊ नका, हे मी इतक्या कळकळीने सांगते ते त्यामुळेच.

पहिली नोकरी कोणत्या विमानावर

इथे बहुतेकांचा हट्ट असतो, थेट जेट पाहिजे. मिळालं तर नाकारू नका. आज देशात २०० तासांची मुलं थेट ए-३२० च्या उजव्या सीटवर बसतात आणि चांगली तयारही होतात. पण एटीआर मिळत असेल तर ते 'खालचं' काम समजून सोडून देऊ नका. कोल्हापूरला उजळाईवाडीवर उतरणारं, सोलापूरला, सिंधुदुर्गाला जाणारं पंख्यांचं विमान ते हेच. इंडिगो, अलायन्स एअर, फ्लाय ९१ यांच्याकडे ते आहे. स्टार एअरची एम्ब्रेअर विमानं लहान आहेत पण जेट आहेत, तोही चांगला मधला रस्ता आहे.

एटीआरच्या बाजूने मी का बोलते ते सांगते. एटीआरवर दिवसाला चार सेक्टर, म्हणजे एका विमानतळाहून दुसऱ्याला अशी चार उड्डाणं, सहज होतात. चार टेकऑफ, चार लँडिंग, त्यातली निम्मी तुमच्या हातची. लहान धावपट्ट्या, आडवा वारा, घाटाकडून येणारे ढग, आणि जिथे कंट्रोलर हात धरून आणून सोडत नाही असे विमानतळ. याउलट लांब पल्ल्याच्या विमानावर महिन्याला तुमच्या वाट्याला दोन-तीन लँडिंग येतात. नियम असा आहे की ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, आणि मोठ्या विमानांवरच्या काही जणांना तेवढ्यासाठी सिम्युलेटरला जाऊन यावं लागतं. लँडिंग शिकायचं वय लहान विमानावरचंच.

दोन्हीपैकी काहीच मिळत नसेल तर फ्लाईंग क्लबात सहायक प्रशिक्षक व्हा. पगार कमी मिळतो, पण तास पीआयसीचे मिळतात आणि शिकवताना स्वतःच्या चुका दिसायला लागतात. घरी बसून 'व्हेकन्सी' शोधत दिवस काढण्यापेक्षा हे फार बरं. वाट बघण्याच्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मेडिकल मात्र एक दिवसही संपू देऊ नका. कंपन्या अचानक बोलावतात, आणि तारीख उलटलेल्या कागदापायी चांगली मुलं रांगेत मागे पडलेली मी पाहिली आहेत.

टाईप रेटिंग आणि लाईन ट्रेनिंग

प्रत्येक विमानाच्या प्रकारासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते, तेच टाईप रेटिंग. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग रिकामं विमान घेऊन खरे टेकऑफ-लँडिंग, आणि शेवटी प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रवासी असलेली उड्डाणं, म्हणजे लाईन ट्रेनिंग. तपासणी झाली की 'रिलीज', म्हणजे प्रशिक्षकाशिवाय उडायची मोकळीक.

सिम्युलेटरवर (सिमवर) जायच्या आधी चेकलिस्ट, कॉलआउट (मोठ्याने पुकारायचे ठरलेले शब्द) आणि आठवणीतून करायच्या कृती तोंडपाठ पाहिजेत. घरी दारावर कॉकपिटचं मोठं छायाचित्र चिकटवा, समोर खुर्ची टाका आणि हात त्या त्या स्विचवर नेत मोठ्याने बोला. माझी धाकटी बहीण समोर वही धरून बसायची आणि एक शब्द चुकला की पहिल्यापासून म्हणायला लावायची. सिममधला तास महाग असतो, तो स्विच शोधण्यात घालवू नका.

उजव्या सीटवरची पहिली वर्षं

वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, ही नियमाची मर्यादा आहे. प्रत्यक्षात सातशे-आठशे होतात. एटीपीएल या वरच्या परवान्याला १५०० तास आणि वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. दोन वर्षांत तास होतील, पण एटीपीएलचे पेपर तोपर्यंत संपलेले असू द्या. तास पूर्ण आणि पेपर बाकी म्हणून कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, यादीत खाली गेलेले लोक प्रत्येक कंपनीत भेटतात.

लॉगबुक रोज रात्री भरा. सेक्टर, वेळ, रात्र किती, इन्स्ट्रुमेंट किती. आठवड्याने आठवून भरलेलं लॉगबुक पुढे डीजीसीएच्या छाननीत अडकतं. दर सहा महिन्यांनी सिमवर प्रवीणता चाचणी असते, तिच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.

दुसऱ्या कंपनीत जायचं मनात असेल तर दोन कागद आधी वाचा. एक म्हणजे बाँड, ठराविक काळ कंपनी न सोडण्याचा करार. दुसरा म्हणजे नोटीस. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार सह-वैमानिकाला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. नवी कंपनी 'पुढच्या महिन्यात या' म्हणाली तरी तुम्ही जाऊ शकत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवर चालते. कंपनी बदलली की तुम्ही नव्या यादीच्या तळाशी. पगारात वीस-तीस हजार जास्त मिळतात म्हणून उडी मारायची आणि कमांड तीन वर्षांनी लांबवायची, हा व्यवहार मला तरी कधी पटला नाही. ज्या कंपनीत एटीआर आणि ए-३२० दोन्ही आहेत तिथे यादी न सोडताही पुढे सरकता येतं, आणि सुरुवातीलाच याचा विचार करावा.

पंख्याच्या विमानातून जेटमध्ये

आता या लेखातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग.

सेस्ना भरून ११०० किलोच्या आसपास, एटीआर २३ टन, ए-३२० सुमारे ७९ टन. उतरतानाचा वेग अनुक्रमे साधारण ६५, ११० आणि १३५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल). आकडे पाठ होतात, अंगवळणी पडायला वेळ लागतो.

एटीआरमध्ये पॉवर मागे घेतली की समोरचे मोठे पंखे हवेला अडतात आणि विमान लगेच वेग सोडतं. चूक झाली तरी दुरुस्त करायला जागा उरते. जेटचं अंग गुळगुळीत असतं. इंजिन आयडलवर (कमीत कमी जोरावर) आणलं तरी ते घसरतच राहतं. ते खाली तरी येईल किंवा वेग तरी कमी करेल, दोन्ही एकदम करायला तयार नसतं. आणि पुन्हा ताकद मागितली तर आयडलवरून पूर्ण जोर यायला पाच ते आठ सेकंद जातात. ऊस भरलेला ट्रक खंबाटकीचा बोगदा ओलांडून खाली उतरतो तेव्हा ड्रायव्हर उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकतो. खालच्या एस वळणावर जाऊन ब्रेक दाबणाऱ्यांचं काय होतं ते आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. जेटचं तसंच आहे.

माझ्या लाईन ट्रेनिंगचा चौथा दिवस. बंगळुरूहून मुंबई, सकाळची वेळ, हवा स्वच्छ. खाली कोयनेचं पाणी चकाकत होतं आणि पुढे अजिंक्यतारा दिसेल म्हणून मी उजवीकडच्या काचेतून बघत होते. हाताला एटीआरची सवय, मनात 'अजून वेळ आहे.' प्रशिक्षक कॅप्टन शांतपणे म्हणाले, "मॅडम, किती मैल राहिले?" बघितलं तर ८५. उंची तीच, पस्तीस हजार. वीस मैलांचा उशीर झालेला, आणि मागून वारा. उतरायला मागितलं, स्पीडब्रेक (पंखांवरचे हवा अडवणारे पत्रे) उघडले, विमान थरथरायला लागलं, वेग मात्र कमी होईना. एक हजार फुटांपर्यंत वेग, उंची आणि चाकं-फ्लॅप सगळं बसलेलं नसेल तर लँडिंग सोडून पुन्हा वर जायचं, हा पक्का नियम आहे. आम्ही दीड हजारावरच ठरवलं आणि वर गेलो. मागे दीडशेच्या वर प्रवासी होते. कोणी ओरडलं नाही, कॅप्टन रागावलेही नाहीत. पार्किंगला लागल्यावर त्यांनी माझ्या वहीत तीन शब्द लिहिले: 'साताऱ्याच्या आधी ठरवा.' ती वही अजून माझ्या फ्लाईट बॅगेत आहे.

एअरबसची आणखी एक गोष्ट एटीआरवरून येणाऱ्यांना गोंधळात टाकते. ऑटोथ्रस्ट इंजिनाची ताकद कमीजास्त करत असतो, पण हाताखालचे थ्रस्ट लिव्हर (ताकदीचे दांडे) जागचे हलत नाहीत. एटीआरवर हात, कान आणि पायाखालचा रडर तिन्ही मिळून इंजिन काय करतंय ते सांगतात. इथे ते डोळ्यांनी पडद्यावर वाचावं लागतं. पहिल्या महिन्यात दर मिनिटाला वेग आणि इंजिनाचा आकडा मुद्दाम बघायची सवय लावा.

कमांड: लहान विमानाची डावी की मोठ्याची उजवी?

हा प्रश्न एटीआरवर तीन-चार वर्षं झालेल्या प्रत्येकाला पडतो. जेटची उजवी सीट समोर दिसत असते आणि एटीआरची कमांडही जवळ आलेली असते. माझं मत स्पष्ट आहे, कमांड घ्या. आधी डावीकडे बसा, मग जेटकडे वळा.

एटीआरमध्ये जमिनीवर विमान वळवायचं छोटं चाक फक्त डाव्या बाजूला असतं. सह-वैमानिक म्हणून दोन हजार तास उडालेली मी पहिल्यांदा त्या चाकावर हात ठेवून पार्किंगमधून निघाले तेव्हा तळव्याला घाम आला होता. त्याच आठवड्यात धावपट्टीच्या टोकाला ढग खाली आले, इंधन मोजकं, मागे साठ माणसं, त्यातल्या एका आजोबांची डायलिसिसची वेळ. थांबायचं की दुसरीकडे जायचं, हे मलाच ठरवायचं होतं. आम्ही दुसरीकडे गेलो, आणि त्या आजोबांसाठी खाली रुग्णवाहिका बोलावून ठेवली. असले निर्णय तेवीस टनांच्या विमानात घेऊन झालेले असले की एकोणऐंशी टनांच्या विमानात हात कमी कापतो. लॉगबुकमधले पीआयसी तास पुढच्या प्रत्येक अर्जात लागतात, हा फायदा वेगळाच.

घरची ओढ असेल, मुंबई-पुण्यातच राहायचं असेल, किंवा कंपनीत एटीआर कमी होत चालली असतील तर निर्णय वेगळा होऊ शकतो. पण 'लोक काय म्हणतील, अजून पंख्याचंच विमान' एवढ्यासाठी कमांड सोडू नका.

आणि ती लांबची विमानं

ट्रिपल सेव्हन (बोईंग ७७७) स्वतःच्या वजनासकट ३५१ टनांपर्यंत भरून उडतं. ए-३२० वरून ए-३३० किंवा ए-३५० वर जायला एअरबसची कॉकपिटं सारखी असल्यामुळे प्रशिक्षण छोटं असतं. बोईंगमध्ये ७७७ आणि ७८७ एकमेकांना जवळची आहेत, ७३७ वेगळं. माझ्या बॅचचे दोघं तिकडे आहेत. काम शांत, पगार चांगला, पण झोपेचं वेळापत्रक मोडतं आणि गणपतीला घरी येणं अवघड होतं. वैमानिकाला ६५ वर्षांपर्यंत उडता येतं, त्यामुळे पस्तिशीच्या आत तिथे पोचायची घाई कशाला, असं मला वाटतं.

घरी करायचा सराव

सातारा ते स्वारगेट एसटीत अडीच-तीन तास जातात. मी त्या वेळात वहीत उतरणीची उदाहरणं सोडवायचे. तुम्हीही करा. तिप्पट मैल हा पाया. मागून वारा असेल तर आणखी थोडे मैल धरायचे, समोरून असेल तर कमी. वेग कमी करायला वेगळे मैल लागतात, दर दहा नॉटला साधारण एक मैल धरा.

पहिलं उदाहरण देऊन ठेवते. तुम्ही २८ हजार फुटांवर आहात, मुंबई ७० मैल, मागून ४० नॉट वारा, अजून उतरायची परवानगी मागितलेली नाही. किती उशीर झाला आहे आणि आधी काय कराल? पेन्सिलने लिहा, मग खाली वाचा.

अठ्ठावीसच्या तिप्पट चौऱ्याऐंशी. वारा धरण्याआधीच चौदा मैल उशीर झालाय, वाऱ्यामुळे त्यात आणखी भर. आधी परवानगी मागायची, ती मिळताच इंजिन आयडल, वेग आहे तसा ठेवून स्पीडब्रेक, आणि कंट्रोलरला लगेच सांगायचं की आम्ही उंच आहोत, जास्तीचे मैल द्या.